घरटं कुठे आणि पिल्लं किती: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की बडोद्यातल्या मराठी घरांमधून चौकश्या सुरू होतात. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या वळचणीला चिमणी काडी घेऊन येते, अलकापुरीतल्या फ्लॅटच्या एसीमागे कबुतर ठाण मांडतं, वाघोडिया रोडवरच्या नव्या सोसायटीच्या धाब्यावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांची अडचण एकच असते: घरटं दिसलं, पण पिल्लं काही दिसली नाहीत. उत्तरं लहानमोठी आहेत; काही ठिकाणी सांगण्यासारखं बरंच होतं.

पक्षी घरट्यात राहतात ना? मग विणीचा हंगाम संपल्यावर ते ओस का पडतं?

घरटं हा पाळणा आहे. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि निघायचं, एवढंच त्याचं काम. बहुतेक पक्षी एरवी रात्री झाडाच्या फांदीवर झोपतात. चिमण्या, मुनिया असे काही अपवाद आहेत, ते हंगामाबाहेरही घरट्याचा आसरा घेतात.

घरटं ‘यशस्वी’ झालं असं कधी म्हणायचं?

निदान एक पिल्लू उडून बाहेर पडलं की अभ्यासक ते घरटं यशस्वी धरतात. मोजणी मात्र वाटते तितकी सोपी नाही. आपल्याला घरटं दिसतं तेव्हा ते बरेचदा निम्मं वय ओलांडून गेलेलं असतं. जी घरटी पहिल्या चार दिवसांतच उद्ध्वस्त झाली, ती आपल्या नजरेला पडलेलीच नसतात. त्यामुळे ‘आम्ही पाहिलेल्या दहापैकी आठ घरट्यांत पिल्लं झाली’ या हिशेबात नकळत फुगवटा येतो. हॅरॉल्ड मेफिल्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये यावर तोड सुचवली: घरटं एकूण किती दिवस नजरेखाली होतं ते मोजा आणि एका दिवसात तगण्याची शक्यता काढा.

या पद्धतीतून निघणारे आकडे अंगावर येतात. समजा, एखादं घरटं आजचा दिवस तगून जाण्याची शक्यता ९७ टक्के आहे. ऐकायला झकास! पण अंडी आणि पिल्लं मिळून ३० दिवस काढायचे असतील, तर शेवटापर्यंत पोचण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के उरते. रोजची शक्यता ९५ वर आली की ती २१ टक्क्यांपर्यंत घसरते. म्हणजे रोजच्या धोक्यात दोन टक्क्यांचा फरक पडला की महिन्याअखेरी पिल्लांची संख्या निम्म्यावर येते. फांदी एक हात वर की खाली, दाट पानांत की उघड्यावर, असल्या बारीकसारीक गोष्टींना पक्षी एवढं महत्त्व का देतात, ते इथे समजतं.

बहुतेक घरटी कशामुळे फसतात?

खाल्ली जातात म्हणून. अनेक देशांतल्या, अनेक जातींच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तरी अपयशाचं पहिलं कारण शिकारी हेच येतं. आपल्याकडे कावळा सगळ्यात पुढे. मागोमाग टकाचोर, भारद्वाज, शिक्रा, मांजर, घूस, धामण. आपली गोड दिसणारी खारही अंडं सोडत नाही, हे सांगितलं की लोक नाराज होतात. त्यानंतर वादळ, अवेळी पाऊस, ऊन, उपासमार, घरट्यातल्या गोचिड्या-पिसवा. आणि शहरात माणूस. तो मुद्दाम क्वचितच त्रास देतो, बहुतेक वेळा साफसफाईच्या भरात.

मग जास्त महत्त्वाचं काय, घरट्याचं चांगलं विणकाम की चांगली जागा?

जागा. आणि हे ज्याच्याकडून शिकावं तो पक्षी वीणकामासाठीच नावाजलेला आहे, हा गमतीचा भाग.

सुगरणीचं घरटं विणतो नर. पावसाच्या तोंडाशी तो पिवळाधमक होतो, गवताच्या किंवा खजुरीच्या पात्याच्या लांब पट्ट्या सोलून आणतो आणि फांदीच्या टोकाला गाठ मारून सुरुवात करतो. कितीतरी फेऱ्यांनंतर घरटं शिरस्त्राणासारखं अर्धवट तयार होतं. इथे तो थांबतो, ओल्या चिखलाचे गोळे आतून थापतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरतात, ओढूनताणून बघतात आणि बऱ्याचदा तशाच निघून जातात. एखादीला पसंत पडलं तरच नर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. आतलं मऊ अस्तर मग मादी घालते. अंडी ती एकटीच उबवते आणि पिल्लांचंही बहुतेक तीच बघते. नर तोवर दुसऱ्या घरट्याला लागलेला असतो. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला हा सगळा प्रकार बारकाईने पाहिला आणि नर एकामागून एक माद्या करतो हे नोंदवलं.

प्रश्न असा की मादी आत जाऊन नेमकं काय तपासते? आपल्याला वाटतं, वीण किती घट्ट आणि सुबक आहे ते. भारतात सुगरणीवरच झालेल्या पुढच्या अभ्यासात मात्र घरट्याच्या जागेला विणीपेक्षा जास्त वजन असल्याचं दिसलं. झाडावर उंच असलेली, भक्कम आधाराची घरटी माद्यांनी आधी निवडली. पात्यांच्या बारीक पट्ट्यांची वीण त्यांना आवडते, पण तो मुद्दा नंतरचा. तसं का, ते बाभळीखाली उभं राहून वर पाहिलं की ध्यानात येतं. काटे, खाली पाणी, टोकाची फांदी. साप तिथवर आला तरी नळीतून आत शिरताना त्याची फजिती होते. वसाहती बहुधा झाडाच्या पूर्व बाजूला दिसतात, कारण पावसाळ्यातला जोराचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. हे पाहायला लांब जायला नको. डभोईच्या वाटेवर भातखाचरांच्या कडेला, विहिरीवर झुकलेल्या बाभळी आणि खजुरी जुलै-ऑगस्टमध्ये बघा.

सुगरणीची अर्धी घरटी तशीच लोंबताना दिसतात. ती वाया गेली का?

नराच्या दृष्टीने हो, मादीने नाकारलेली ती. पण जुनी पूर्ण घरटी मुनिया वापरतात. म्हणून हंगाम संपल्यावर शोभेसाठी घरटी तोडून दिवाणखान्यात टांगणं मला पटत नाही. बाजारात विकत मिळतात तीही अशीच तोडून आणलेली.

कबुतराचं घरटं म्हणजे दहा काड्यांचा उकिरडा. तरी त्यांची संख्या वाढतेच कशी?

कारण जागा. पारवा मुळात कड्याकपारीतला पक्षी. छज्जा, एसीचा स्टँड, डक्टची कोनाडी या त्याच्या लेखी कपारीच: वर छप्पर, मागे भिंत, मांजराला यायला वाट नाही. अशा ठिकाणी दोन अंडी घरंगळू नयेत एवढंच काड्यांचं काम. पिल्लांची विष्ठा साचून तेच घरटं पुढे सिमेंटसारखं पक्कं होतं. त्यात नर-मादी दोघंही पिल्लांना गळ्यातल्या पिशवीतून स्रवणारं ‘दूध’ पाजतात, त्यामुळे कीटकांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही आणि वर्षात अनेक विणी होतात. शिवाय चौकाचौकात आपण त्यांना ज्वारी टाकतो. पुण्य लागत असेल, पण पारव्यांच्या गर्दीत चिमणीला वळचण मिळेनाशी होते, हाही हिशेब मांडायला हवा.

आमच्या धाब्यावर टिटवीने अंडी घातली आहेत. यंदा पाऊस चांगला होणार म्हणे. खरं का?

गुजरातेत दर उन्हाळ्यात ही बातमी होते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, त्यामुळे हा अंदाज देणाऱ्याचं सहसा हसं होत नाही.

उंचावरचं कारण पावसापेक्षा साधं आहे. टिटवीला मोकळी, खडीवाळूची, चहूकडे नजर पोचेल अशी जमीन लागते. वाघोडिया रोड, अजवा रोड, वासणा-भायली या बाजूंची माळरानं बांधकामाखाली गेली आणि शिल्लक मैदानांत कुत्री-मांजरं वाढली. सपाट धाब्यावर खडी पसरलेली असली की तिला तो माळच वाटतो.

टिटवीचं घरटं म्हणजे एक उथळ खळगा आणि भोवती चार खडे. संरक्षण सगळं रंगात: अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची. ती दिसेनात म्हणूनच पायाखाली येतात. मेमध्ये बडोद्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि खडी त्याहून कितीतरी जास्त तापते. अंड्यातला जीव साधारण ३६ ते ४० अंशांत नीट वाढतो, त्याच्या वर फार वेळ राहिला तर मरतो. म्हणून भर दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. नर-मादी पाळ्या लावतात. पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतात. असे जवळजवळ चार आठवडे काढायचे असतात. अशात तुम्ही फोटो काढायला वीस मिनिटं उभे राहिलात आणि ती भीतीने दूर उभी राहिली, तर अंडी तेवढा वेळ तव्यावर आहेत असं समजा.

खरी पंचाईत अंडी फुटल्यावर सुरू होते. टिटवीची पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच चालायला लागतात आणि आपलं खाणं आपणच टिपतात. आईबाप त्यांना राखतात, भरवत नाहीत. माळावर किडे मुबलक, धाब्यावर काय मिळणार? वरून तीन फुटांचा कठडा. पक्ष्याला जी खूण चांगल्या जागेची वाटते तीच त्याला चुकीच्या जागी नेते, अशा प्रकाराला अभ्यासक पर्यावरणीय सापळा म्हणतात. टिटवीचं धाबं हे त्याचं चोख उदाहरण.

तुम्ही करायचं ते इतकंच: अंडी हलवू नका. त्या कोपऱ्यात जाणं बंद करा, पापड-कुरडया दुसरीकडे वाळवा. उथळ ताटलीत पाणी ठेवा, ताटलीत एक दगड टाका. मुलांना लांबून दाखवा. पिल्लं निघाली आणि खाली उतरायला वाटच नसेल, तर वनखात्याला किंवा जाणत्या पक्षीमित्राला बोलवा; पिल्लं आईबापाच्या नजरेसमोर जवळच्या मोकळ्या जमिनीवर सोडावी लागतात. कठडा नसेल तर ती बरेचदा आपणहून उडी मारतात आणि अंगाने हलकी असल्यामुळे सहसा वाचतात.

सोसायटीतली वाळलेली फांदी पावसाळ्याआधी तोडायची आहे. त्यात भोक आहे. कोणी राहत असेल का?

बहुतेक असेल, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आधी आभार. सहसा करवत चालल्यावर फोन येतो.

ढोलीत अंडी घालणारे पक्षी दोन तऱ्हेचे. तांबट आणि सुतार आपली ढोली आपण कोरतात. तांबट शेवग्याच्या किंवा तसल्याच मऊ, वाळक्या फांदीत खालच्या बाजूने गोल भोक पाडतो, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. पोपट, साळुंकी, दयाळ, पिंगळा आणि राखी धनेश यांना कोरता येत नाही किंवा फार थोडं येतं. ते जुन्या ढोल्यांवर अवलंबून असतात. म्हणजे एका तांबटाने केलेल्या भोकात पुढची कित्येक वर्षं वेगवेगळे भाडेकरू येऊन जातात. अशा ढोल्यांसाठी भांडणंही होतात: पोपट जानेवारी-फेब्रुवारीतच ताबा घेतो, साळुंकी मागून येऊन त्याला हुसकायला बघते.

धनेशाचं वेगळंच. बडोद्यात राखी धनेश आहे, ही आपली चैन आहे. कित्येक शहरांना तो पाहायला मिळत नाही. वड-पिंपळाची फळं खायला येतो आणि मोठ्या झाडाच्या मोठ्या ढोलीत घर करतो. मादी आत शिरते आणि विष्ठा, चिखल यांनी दार आतून लिंपून घेते. उरते एक अरुंद फट. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना कित्येक आठवडे भरवत राहतो. आत असताना ती उडण्याची मोठी पिसं गाळते, म्हणजे काही काळ तिला उडताही येत नाही. इतकं बंदिस्त घरटं असल्यावर साप, माकड, घोरपड कोणाचंच फारसं चालत नाही. पण ती फांदी तोडली, तर पळून जायला तिला पंखच नसतात. बाहेर फिरणारा नर मेला तरी आतल्यांची उपासमार होते. म्हणजे या घरट्याचं सगळं भवितव्य दोन गोष्टींवर: जुनं झाड आणि एक नर.

फांदी खरोखर धोकादायक असेल तर तोडावीच लागेल. पण शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. आधी सकाळी अर्धा तास भोकाकडे बघत बसा. येजा दिसते का, खाली ताजी विष्ठा किंवा फळांच्या बिया पडल्या आहेत का, ते पाहा. आणि रस्त्यावर पडण्याचा धोका नसेल, तर वाळलं लाकूड राहू द्या. बागेत सगळं हिरवंगार आणि साफसूफ हवं हा हट्ट तांबटाच्या मुळावर येतो.

चिमणीसाठी खोका लावला. तीन वर्षं रिकामाच आहे. काय चुकतंय?

आधी खोका कसा आहे ते सांगा. बाजारात मिळणारे बरेचसे खोके माणसाला आवडावेत म्हणून बनवलेले असतात: कौलारू छप्पर, रंगीत भिंती, दारासमोर बसायला दांडी. ती दांडी चिमणीला लागत नाही, कावळ्याला मात्र सोयीची होते. भोक ३२ मिलिमीटरचं असावं. मोठं असलं की साळुंकी शिरते. भोकापासून तळ निदान १२ सेंटिमीटर खाली हवा, म्हणजे बाहेरून पंजा घातला तर पिल्लापर्यंत पोचत नाही. लाकूड जाड, तळाला बारीक छिद्रं, वर बाहेर आलेलं छप्पर. पत्र्याचा डबा लावू नका, बडोद्याच्या एप्रिलमध्ये तो भट्टी होतो. प्लायचा पातळ खोकाही पश्चिमेच्या भिंतीवर तसाच तापतो. उत्तर किंवा पूर्व बाजू, सावली, जमिनीपासून आठ-दहा फूट उंच, पंख्यापासून दूर. चिमण्या शेजार धरून राहतात, तेव्हा एकापेक्षा दोन-तीन खोके थोड्या अंतराने लावले तर बरं.

हे सगळं बरोबर असूनही खोका रिकामा राहत असेल, तर खोक्याभोवतीचा परिसर बघा. चिमणी मोठेपणी दाणे खाते. पिल्लांना मात्र पहिले दिवस अळ्या आणि किडेच लागतात. इंग्लंडमधल्या शहरी चिमण्यांच्या अभ्यासात दिसलं की किडे कमी असलेल्या वस्तीत पिल्लं घरट्यातच उपाशी मरतात किंवा अशक्त बाहेर पडतात. म्हणजे खोका भरला तरी गल्लीत चिमण्या वाढतीलच असं नाही. दर आठवड्याला फवारणी होणारी लॉन आणि परदेशी शोभेची झाडं असलेल्या सोसायटीत खोके लावणं म्हणजे बाजारपेठ नसलेल्या गावात धर्मशाळा बांधणं. मेंदी, जास्वंद, तुळस, मधुमालतीची जाळी, कोपऱ्यात थोडं वाढू दिलेलं गवत, हे आधी करा. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला खोके वाटायचेच असतील तर सोबत एक रोपही द्या.

रावपुऱ्यात, सुलतानपुऱ्यात जुन्या घरांतून चिमण्या टिकून आहेत त्यामागे कोणाची भूतदया नाही. तिथे कौलांच्या फटी आहेत, तुळयांची भोकं आहेत, तसबिरींमागे जागा आहे. घर पाडून स्लॅब टाकला की एका फटक्यात डझनभर जागा जातात. नव्या बांधकामात छज्ज्याखाली दोन-चार पोकळ विटा ठेवायला वास्तुरचनाकाराला सांगणं अवघड नाही, पण सांगतं कोण?

उत्तरायणचा मांजा घरट्यात सापडला. तो घातक आहे का?

हो. जानेवारीत पतंगांनी आकाश भरतं तेव्हा जखमी होणाऱ्या पक्ष्यांची चर्चा होते. पुढच्या महिन्यांत झाडांवर लटकणाऱ्या दोऱ्याची होत नाही. नेमक्या याच काळात घारी, कावळे, पोपट विणीला लागलेले असतात. कावळ्याला, घारीला दोरा हे उत्तम बांधकाम साहित्य वाटतं. पिल्लाच्या पायाला तो गुंडाळला जातो, पाय वाढतो, दोरा वाढत नाही. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी झाडांवर तो दिसतोच. १६ जानेवारीला मुलांना घेऊन आपल्या गल्लीतल्या झाडांवरचा हाताला येईल तेवढा दोरा उतरवून गुंडाळी करा. पतंग उडवण्याइतकीच मजा येते असं म्हणणार नाही, पण येते.

घरट्यात तार, प्लास्टिक, सिगारेटची थोटकं दिसतात. पक्ष्यांना कळत नाही का?

कधी कधी फार चांगलं कळतं. मेक्सिको सिटीत चिमण्या आणि फिंच नावाचे छोटे पक्षी थोटकातले तंतू घरट्यात लावतात असं आढळलं; निकोटिनमुळे घरट्यातले परजीवी कमी होतात. पण त्याच थोटकांतल्या विषारी द्रव्यांनी पिल्लांच्या पेशींना इजा होते, हेही तिथल्याच संशोधकांनी दाखवलं. स्पेनमधल्या घारी घरट्यावर पांढरं प्लास्टिक मांडतात. जास्त प्लास्टिक मांडणारी जोडी सशक्त असते आणि इतर घारी तिच्या वाटेला जात नाहीत. आपल्याकडचा कावळा तारांचं घरटं करतो. भक्कम होतं, पण विजेच्या खांबावर केलं तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

कोकीळ स्वतः घरटं का बांधत नाही?

कारण कावळा बांधतो. कावळ्याचा हंगाम सुरू झाला की कोकिळेचाही होतो. कावळ्याच्या अंड्यांत ती आपलं अंडं घालते, पुढचा खर्च कावळ्याचा. पावशा आणि चातक हाच उद्योग सातभाईंच्या घरट्यात करतात.

एकाच झाडावर कोतवालाचं आणि शेजारी हळद्याचं, होल्याचं घरटं का असतं?

कोतवाल स्वतःच्या घरट्याजवळ कावळा, घार, कोणालाच येऊ देत नाही. गरीब स्वभावाचे पक्षी त्याच्या शेजाराचा फायदा उठवतात. जागा निवडताना शेजारी पाहणं आपल्यालाही नवीन नाही. शिंजीरही कधी कधी गांधीलमाश्यांच्या पोळ्याजवळ आपलं लोंबतं घरटं करते.

विश्वामित्री नदीतल्या मगरीही घरटं करतात म्हणे?

करतात, आणि शहराच्या मधोमध करतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी काठावरच्या मातीत खड्डा खणते, साधारण २५ ते ३० अंडी घालते आणि माती लोटून बुजवते. दोन महिन्यांच्या आसपास, म्हणजे पावसाच्या तोंडावर, पिल्लं आतून आवाज करतात. मादी तो आवाज ऐकून माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. इतक्या थोराड प्राण्याचं ते हळुवार काम बघून अंगावर काटा येतो.

मगरीच्या बाबतीत जागेची निवड पक्ष्यांपेक्षाही जास्त निर्णायक आहे, कारण पिल्लू नर होणार की मादी हे खड्ड्याचं तापमान ठरवतं. ३२.५ अंशांच्या आसपास नर निपजतात. त्याहून गार किंवा जास्त गरम असेल तर माद्या. म्हणजे काठ किती उतरता, माती वाळूची की चिकण, वर झाडाची सावली आहे की उघडं ऊन, यावर पुढच्या पिढीत नर किती आणि माद्या किती हे ठरतं. उंचीचाही प्रश्न आहे. पाण्याच्या फार जवळ खड्डा केला तर अवेळी लोंढ्यात अंडी बुडून मरतात. फार लांब केला तर पिल्लांची वाट लांबते आणि मुंगूस, घोरपड, कुत्री अंडी उकरतात.

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम २०२५ च्या उन्हाळ्यात झालं. पूर कोणालाही नकोय, ज्यांच्या घरात छातीभर पाणी होतं त्यांना तर नाहीच. पण मातीचे उतार, काठावरची झाडं आणि फेब्रुवारी ते जूनचा काळ, या तिन्ही गोष्टी मगरीच्या विणीच्या आहेत. काठाला सरळ दगडी भिंत घातली म्हणून मगर शहर सोडून जाणार नाही. ती कोणाच्या तरी कुंपणामागे मातीचा उतार शोधेल.

वढवाणाला हिवाळ्यात हजारो पक्षी येतात. त्यांची घरटी का दिसत नाहीत?

ते तिथे खायला आणि थंडी टाळायला येतात. डभोईजवळचा हा तलाव बडोदा संस्थानाने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधला, २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. पट्टकादंब हंस तिबेट, मंगोलियाच्या उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी घरटी करतो. बेटांवर, दलदलीत, कोल्ह्याला पोचायला कठीण अशा जागी. तिथे उन्हाळा छोटा, पण दिवस लांब आणि खाणं भरपूर. सारस मात्र आपलाच. खेडा-आणंदच्या भातखाचरांत पावसाळ्यात तो गवत-काड्यांचा मोठा ढीग रचतो, पाणी चढलं की आणखी काड्या घालून ढीग उंच करतो. बहुतेक दोन अंडी. शेतकऱ्याने तेवढा तुकडा सोडला तर सारस वाढतो. गुजरातेत कित्येक शेतकरी सोडतात.

पक्षी अनुभवातून शिकतात का, की सगळं जन्मजात?

दोन्ही. झेब्रा फिंचवरच्या प्रयोगात नरांना न आवडणाऱ्या रंगाचं साहित्य देऊन घरटं करायला लावलं. ज्यांची पिल्लं नीट वाढली ते पुढच्या वेळी त्याच रंगाकडे वळले. अनेक जातींत असंही दिसतं की पिल्लं यशस्वी झाली तर जोडी तिथेच परतते, फसलं तर जागा बदलते. म्हणून तुमच्या कुंडीत बुलबुल गेल्या वर्षी आला आणि यंदा फिरकला नाही, तर कदाचित गेल्या वर्षी मांजराने काम साधलं असेल आणि तुमच्या लक्षात आलं नसेल.

पिल्लू खाली पडलंय. माणसाचा हात लागला तर आई टाकून देते ना?

नाही. वासावरून पिल्लू टाकणारे पक्षी आपल्या अंगणात नाहीत. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर हळूच परत ठेवा. घरटंच पडलं असेल तर छोटी टोपली त्याच फांदीला बांधून त्यात ठेवा. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू मात्र हरवलेलं नसतं, ते उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात. मांजर आत घ्या आणि बाजूला व्हा. दूध-पोळी भरवू नका, त्याने पिल्लू मरतं.

खिडकीतलं घरटं काढलं तर चालेल का?

अंडी किंवा पिल्लं असतील तर नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी नासवणं आणि अंडी किंवा घरटं विस्कटणंही येतं. कायद्याचं सोडा, बुलबुलाचा सगळा कारभार अंड्यापासून उडेपर्यंत साधारण चार आठवड्यांत उरकतो. तेवढे दिवस खिडकी बंद ठेवता येते. एसीची सर्व्हिसिंग पुढे ढकलता येते. घरटं ओस पडल्याची खात्री झाली की मग काढा. नाकाला रुमाल बांधा, आधी पाणी शिंपडा आणि त्या फटीत पुन्हा कोणी यायला नको असेल तर जाळी त्याच दिवशी बसवा. पुढच्या फेब्रुवारीत काड्या पडायला लागल्यावर बसवाल तर उशीर झालेला असेल.